बाह्य हार्ड डिस्कवर नकला ठेवतांना दुबार फायली कशा टाळाव्या

शेतकऱ्याचें दप्तर म्हणजे पूर्वीं माळ्यावर ठेवलेली एक पत्र्याची पेटी असे. तींत खरेदीखत, सातबाराचा उतारा, सोसायटीच्या पावत्या आणि वडिलांच्या हातचें एखादें हिशेबाचें बाड एवढेंच असावयाचें. आतां त्याच दप्तराचा मोठा भाग मोबाईल फोनांत व संगणकांत गेला आहे. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा, आठ-अचा उतारा, फेरफाराची नक्कल, मोजणीची 'क' प्रत, ठिबक संचाचें बिल, माती-परीक्षणाचा अहवाल, अडत्याची हिशेबपट्टी, गारपिटीनें झोडपलेल्या बागेचीं छायाचित्रें, हें सर्व आतां 'फाईल' या एकाच नांवाखालीं येतें. फोन हरवतो, विहिरींत पडतो, संगणक बिघडतो. म्हणून सुज्ञ शेतकरी अधूनमधून या फायली संगणकास बाहेरून जोडावयाच्या हार्ड डिस्कवर उतरवून ठेवतात. ही सवय उत्तम आहे व ज्यांस ती नाहीं त्यांनीं ती अवश्य लावून घ्यावी.

परंतु या कामाची रीत बहुतेक घरीं अशी दिसते कीं, दिवाळींत मुलगा घरीं आला म्हणजे त्यानें सबंध फोन डिस्कवर उतरवावा, उन्हाळ्यांत पुतण्यानें तोच फोन पुन्हां सबंध उतरवावा, आणि प्रत्येकानें त्यास 'नवीन फोल्डर', 'नवीन फोल्डर २' अशीं नांवें द्यावीं. दोन-तीन वर्षांनीं डिस्क भरते आणि एकच उतारा सात ठिकाणीं सांपडतो. त्यांतला ताजा कोणता, मूळ कोणता व निव्वळ दुबार कोणता हें सांगणारा घरांत कोणी नसतो. प्रस्तुत लेखकाची नोकरी महसूल खात्यांत दप्तर सांभाळण्यांत गेली. कागदाचें रूप बदललें तरी दप्तराचे नियम फारसे बदलत नाहींत, असा त्याचा समज असल्यामुळें या विषयावर चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

दुबारीचें नुकसान

दुबार फायलींनीं डिस्कवरील जागा अडते, हें नुकसान सर्वांत लहान समजावें. खरें नुकसान तीन प्रकारचें आहे.

पहिलें, चुकीचा कागद पुढें जातो. समजा, कर्ता पुरुष वारला, वारसांची नोंद मंजूर झाली आणि मुलानें नवा सातबारा उतरवून घेतला. डिस्कवर नोंदीपूर्वींचा सातबारा पांच ठिकाणीं व नोंदीनंतरचा एकाच ठिकाणीं असेल, तर घाईंत हातीं येईल तो बहुधा जुना. तो पीक-कर्जाच्या अर्जास जोडला म्हणजे अर्ज परत येतो, आणि पेरणीच्या तोंडावर हेलपाट्यांत गेलेले दिवस भरून येत नाहींत.

दुसरें, सफाई करतांना खरा कागदच नष्ट होतो. दोन फायलींचीं नांवें सारखीं दिसलीं म्हणजे एक दुबार असणार, असें गृहीत धरून मनुष्य ती पुसून टाकतो. मागून कळतें कीं, एक उतारा मळ्याच्या गटाचा होता व दुसरा माळाच्या गटाचा. घरांतील कोणी दोहोंसही नुसतें 'सातबारा' असें नांव दिलें होतें.

तिसरें, खोटा दिलासा मिळतो. एकाच डिस्कवर खरेदीखताच्या दहा प्रती आहेत म्हणून तें सुरक्षित आहे असें वाटतें. पण डिस्क पडून निकामी झाली कीं दहाही प्रती एकाच क्षणीं जातात. एका डिस्कवरच्या दहा प्रती म्हणजे एकच प्रत. दोन निराळ्या डिस्कांवरची एकेक प्रत म्हणजे मात्र खरोखर दोन प्रती.

दुबार कशास म्हणावें

येथें नक्कल आणि दुबार यांतील भेद ध्यानांत घ्यावयास हवा. जाणूनबुजून, ठरलेल्या जागीं, संकटकाळीं उपयोगीं पडावी म्हणून ठेवलेली प्रत ती नक्कल. नकळत, त्याच जागीं, पुन्हां पुन्हां सांचलेली प्रत ती दुबार. नक्कल हवी, दुबार नको.

फायलींच्या जोड्या चार तऱ्हांच्या आढळतात. नांवही तेंच व आंतील मजकूरही तोच, ही उघड दुबार. नांव निराळें पण मजकूर तोच, ही लपलेली दुबार. इंटरनेटवरून तीच फाईल दुसऱ्यांदा उतरविली म्हणजे नांवापुढें कंसांत १ हा आंकडा लागतो, ती या जातीची. नांव तेंच पण मजकूर निराळा, ही दुबार नव्हेच. दोन सालांचे दोन उतारे, किंवा दोन फोनांनीं काढलेलीं पण एकच क्रमांक पडलेलीं दोन छायाचित्रें, हीं यांत येतात. कित्येक कॅमेरे छायाचित्रांस ०००१ ते ९९९९ असे क्रमांक देतात व नंतर पुन्हां १ पासून आरंभ करतात, त्यामुळें असा प्रकार नेहमीं घडतो.

चवथी तऱ्हा सर्वांत फसवी. डोळ्यांस दोन्ही सारख्या दिसतात, पण योग्यतेनें सारख्या नसतात. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मूळ पीडीएफ रूपांत असतो, तोंवर त्यांतील स्वाक्षरी यंत्रावर पडताळतां येते. तोच छापून पुन्हां स्कॅन केला, अथवा पडद्यावरील उताऱ्याचें चित्र काढून ठेवलें, तर त्या चित्रांत ती स्वाक्षरी राहत नाहीं. राहतो तो केवळ तिचा देखावा. छायाचित्रांचेंही तसेंच. व्हॉट्सॲपवरून नेहमींच्या रीतीनें पाठविलेलें छायाचित्र आकारानें लहान केलें जातें, तें केव्हां व कोठें काढलें याची आंतली नोंदही गळते, आणि फोनांत येणाऱ्या फाईलच्या नांवांत जी तारीख दिसते ती आल्याची असते, काढल्याची नव्हे. नुकसानीचा पुरावा म्हणून ज्याचा उपयोग व्हावयाचा, तें छायाचित्र ज्या फोनानें काढलें त्यांतूनच घ्यावें. व्हॉट्सॲपनेंच पाठविणें भाग असल्यास 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावें, म्हणजे तें जसेंच्या तसें पोहोंचतें.

यंत्र सारखेपणा कसें ओळखतें

संगणक दोन फायलींची तुलना चार खुणांवरून करूं शकतो: नांव, आकार, शेवटच्या बदलाची तारीख-वेळ, आणि आंतील मजकूर. पहिल्या तीन खुणा झटपट पाहतां येतात, पण त्या वरवरच्या आहेत. गांवांत एकाच नांवाचे दोन खातेदार असतात, हें कोणासही ठाऊक आहे. त्यांची ओळख नांवावरून पटत नाहीं, अंगठ्याच्या ठशावरून पटते.

फाईलचाही असा ठसा काढतां येतो. एसएचए-२५६ नांवाची एक गणिती रीत आहे. ती कोणत्याही फाईलवर चालविली असतां ६४ आंकडे-अक्षरांची एक ओळ मिळते, मग फाईल एका पानाची असो वा तासाभराच्या चित्रफितीची असो. फाईलचें नांव बदललें, ती दुसऱ्या डिस्कवर नेली, तरी ओळ तीच राहते. आंतील एक अक्षर बदललें तर ओळ पार बदलते. दोन फायलींचे ठसे जुळले म्हणजे मजकूर एकच असें व्यवहारांत निर्धास्तपणें मानावें. हा ठसा काढण्याची सोय विंडोजबरोबर मिळतेच. परंतु आपणांस तो हातानें काढण्याचें बहुधा कारण पडत नाहीं, कारण दुबार शोधणारे प्रोग्राम तें काम स्वतःच करतात. वाचकांनीं इतकेंच स्मरावें कीं, नांवावरून पडलेला संशय हा संशयच. निकाल मजकुरावरून द्यावयाचा.

दप्तर लावण्याची रीत

दुबार सांचल्यावर निवडण्यापेक्षां ती होऊंच न देणें सोपें आहे. त्यासाठीं पुढील क्रम उपयोगीं पडेल.

आधीं वर्गवारी करावी. सरकारी दप्तरांत कागदांचे वर्ग पाडण्याची जुनी चाल आहे: 'अ' वर्ग कायमचा, 'ब' वर्ग ३० वर्षांचा, 'क' वर्ग १० वर्षांचा, 'क-१' वर्ग ५ वर्षांचा व 'ड' वर्ग १ वर्षाचा. घरच्या फायलींसही ही दृष्टि लावावी. खरेदीखत, वाटपपत्र, फेरफार, मोजणीचा नकाशा हे कायमचे. बिलें, हिशेबपट्ट्या, अहवाल हे कांहीं वर्षांचे. सकाळच्या शुभेच्छांचीं चित्रें व गटांवरून आलेल्या चित्रफिती डिस्कवर नेऊंच नयेत. निम्मी दुबारी एवढ्यानेंच संपते.

मग प्रत्येक फाईलला एकच घर द्यावें. संगणकावर 'शेती-दप्तर' असा एक मुख्य फोल्डर करावा. त्यांत जमीन, कर्ज व बँक, खरेदी-बिलें, विक्री-पट्ट्या, पिकांचीं छायाचित्रें असे पोटफोल्डर असावे, आणि जमिनीच्या फोल्डरांत प्रत्येक गटाचा निराळा. फोनांतील फायली प्रथम येथेंच आणाव्या व आपापल्या जागीं लावाव्या. फोनांतून थेट डिस्कवर कांहींही उतरवूं नये. फोन तारेनें जोडून उतरविलेल्या फाईलवर कधीं कधीं मूळची तारीख न राहतां उतरविल्याची तारीख चढते. अशी फाईल एकदां फोनांतून व एकदां संगणकांतून डिस्कवर गेली, तर यंत्रास ती निराळी वाटते. वाट एकच ठेवावी: फोनांतून संगणकांत, संगणकांतून डिस्कवर.

नांव देतांना आधीं वर्ष, मग महिना, मग दिवस, नंतर गट व शेवटीं कागदाचा प्रकार लिहावा. जसें '२०२४-०६-१५ गट ११२ सातबारा'. अशानें फायली आपोआप काळाच्या क्रमानें लागतात, आणि दोन सालांचे उतारे एकमेकांच्या अंगावर येत नाहींत. आंकडे देवनागरी लिहावे कीं इंग्रजी, हें एकदां ठरवून तेंच पाळावें. आपण वाचतांना ते एकच, पण यंत्राच्या लेखीं तीं दोन वेगळीं नांवें होतात. 'नवीन', 'ताजा', 'शेवटचा' अशीं नांवें मुळींच देऊं नयेत. आज जो ताजा तो पुढल्या हंगामांत शिळा होतो.

डिस्कवर उतरविणें

डिस्कवरही 'शेती-दप्तर' या नांवाचाच फोल्डर असावा व दर वेळीं त्याच जागीं उतरवावें. विंडोजवर त्याच नांवाचा फोल्डर त्याच जागीं उतरविला तर दोन्ही एकांत मिसळतात, आणि एखाद्या नांवाची फाईल तेथें आधींच असल्यास यंत्र थांबून विचारतें. दर खेपेस नव्या नांवाचा फोल्डर केला तर हा प्रश्न विचारलाच जात नाहीं, आणि दुबारीचें मूळ तेथेंच आहे.

प्रश्नास उत्तरें तीन. 'रिप्लेस' म्हणजे डिस्कवरील फाईल काढून तिच्या जागीं येणारी ठेवणें. 'स्किप' म्हणजे आहे ती राहूं देणें व येणारी वगळणें. तिसरें उत्तर म्हणजे एकेक फाईल पाहून ठरविणें. यांत दोन्ही फायलींची तारीख व आकार शेजारीं शेजारीं दिसतात, आणि ज्यांची तारीख व आकार दोन्ही सारखे आहेत त्या सर्व एकदम वगळण्याची खूणही तेथें असते. ती खूण करावी व उरलेल्या थोड्या फायली डोळ्यांखालून घालाव्या. दोन्ही ठेवावयाच्या ठरविल्यास येणाऱ्या फाईलच्या नांवांत आंकडा वाढतो. तेव्हां तिला लगेच योग्य नांव द्यावें.

मॅक संगणक वापरणारांनीं विशेष जपावें. तेथें सबंध फोल्डरास 'रिप्लेस' म्हटलें, तर डिस्कवरील फोल्डर समूळ जाऊन त्या जागीं नवा येतो. जुन्या फोल्डरांत जें होतें व नव्यांत नाहीं, तें सर्व गेलें म्हणून समजावें.

दुसरी एक खबरदारी विजेची. उतरविण्याचें काम चालू असतां वीज गेली किंवा डिस्क मध्येंच ओढून काढली, तर अर्धवट फाईल त्याच नांवानें मागें राहूं शकते. पुढच्या खेपेस 'स्किप' म्हटलें कीं अर्धवट फाईल तशीच राहते व ती चांगली आहे असा आपला समज होतो. म्हणून काम तुटल्यास त्या खेपेच्या शेवटच्या फायली उघडून पाहाव्या, आणि डिस्क काढण्यापूर्वीं ती सुरक्षित काढण्याची आज्ञा यंत्रास द्यावी.

फायली हजारोंनीं असतील तर हातानें उत्तरें देत बसण्यापेक्षां प्रोग्रामाकडून काम घ्यावें. २००७ मध्यें आलेल्या विंडोज व्हिस्टापासून 'रोबोकॉपी' हा प्रोग्राम विंडोजबरोबरच मिळतो. आकार व तारीख जुळणारी फाईल तो आपण होऊन वगळतो. लिनक्सवर याच कामास 'आरसिंक' वापरतात. अँड्र्यू ट्रिजेल व पॉल मॅकेरास यांनीं तो १९९६ मध्यें प्रसिद्ध केला. तोही प्रथम आकार व तारीख पाहतो, आणि सांगितल्यास मजकुराचा ठसा ताडून पाहतो. या दोहोंस आज्ञा लिहून द्याव्या लागतात. ज्यांस तें अवघड वाटेल त्यांना 'फ्रीफाईलसिंक' सोईचा. त्यांत संगणक व डिस्क यांच्या याद्या समोरासमोर दिसतात, व काय उतरणार आहे हें काम सुरू होण्यापूर्वींच वाचतां येतें.

या प्रोग्रामांत 'मिरर' नांवाचा एक पर्याय असतो. तो डिस्कला संगणकाची हुबेहूब प्रतिमा करतो. म्हणजे संगणकावर जें नाहीं तें डिस्कवरूनही पुसून टाकतो. संगणकावरून खरेदीखत चुकून पुसलें गेलें असेल, तर मिररच्या पुढच्या खेपेस तें डिस्कवरूनही जाईल. मूळ कागद गहाळ झाला म्हणून नकलेसही काडी लावावी, असा हा प्रकार. शेतकऱ्यानें 'अपडेट' म्हणजे नवें व बदललेलें तेवढेंच उतरविण्याचा पर्याय घ्यावा.

डिस्क जुन्या फॅट-३२ पद्धतीनें बांधलेली असेल तर एक अडचण येते. त्या पद्धतींत बदलाची वेळ दोन दोन सेकंदांच्या टप्प्यानें नोंदली जाते. त्यामुळें न बदललेली फाईलही एखाद्या सेकंदाच्या फरकानें निराळी भासते, व प्रोग्राम ती पुन्हां उतरवीत बसतो. प्रोग्रामांत दोन सेकंदांची सवलत देण्याची सोय असते, ती द्यावी. शिवाय ४ जीबी किंवा त्याहून मोठी एक फाईल त्या पद्धतींत मावत नाहीं. नवी डिस्क घेतांना ती एक्सफॅट किंवा एनटीएफएस पद्धतीची आहे, हें पाहून घ्यावें.

भरलेल्या डिस्कची सफाई

ज्यांच्या डिस्कवर दुबारी आधींच माजली आहे त्यांनीं प्रथम त्या डिस्कची एक संपूर्ण नक्कल दुसऱ्या डिस्कवर करावी आणि मगच सफाईस हात घालावा. दुबार शोधण्यास 'ड्यूपगुरू' सारखे फुकट प्रोग्राम आहेत. त्यांत नांवावरून शोधण्याचा पर्याय असतो व मजकुरावरून शोधण्याचाही, दुसरा निवडावा. वेळ अधिक लागेल, पण निकाल खरा मिळेल.

सांपडलेल्या दुबार फायली लगेच पुसूं नयेत. सातबाराच्या उताऱ्यावर फेरफारानें एखादें नांव कमी होतें तेव्हां तें खरवडून काढीत नाहींत. त्यास २०२० पर्यंत कंस करीत असत, म्हणजे पूर्वीं काय होतें हें दिसत राही. तीच पद्धत येथें ठेवावी. डिस्कवर 'कंस' नांवाचा एक फोल्डर करून दुबार ठरलेल्या फायली त्यांत हलवाव्या. एक सबंध हंगाम जाऊं द्यावा. त्या काळांत कोणत्याही फाईलवांचून अडलें नाहीं, आणि प्रत्येकीची एक धड प्रत आपल्या घरीं असून ती उघडते अशी खात्री झाली, म्हणजे तो फोल्डर खुशाल रिकामा करावा.

दोन प्रतींतली कोणती ठेवावी असा प्रश्न पडल्यास, मजकूर अगदीं एकच असेल तर योग्य जागीं व योग्य नांवानें असेल ती ठेवावी. मजकूर एक नसून नुसता सारखा दिसत असेल, तर पुरावा म्हणून जिची योग्यता अधिक ती ठेवावी: चित्रापेक्षां मूळ पीडीएफ, आलेल्या छायाचित्रापेक्षां काढलेलें छायाचित्र. आणि दोन तारखांचे दोन उतारे असतील तर दोन्ही ठेवावे. जुना उतारा बँकेच्या कामाचा नसला, तरी हक्काचा वाद उत्पन्न झाल्यास पूर्वीं नोंद काय होती हें तोच सांगतो.

सारांश, एक घर, एक वाट, स्पष्ट नांव आणि मजकुरावरून निकाल, एवढ्या चार गोष्टी पाळल्यास दुबारी माजत नाहीं. याजबरोबर दुसरी एक डिस्क घेऊन तिच्यावरही हेंच दप्तर उतरवावें, व ती दुसऱ्या घरीं, भरंवशाच्या आप्ताकडे ठेवावी. महसुली वर्ष ३१ जुलैस संपतें. त्या सुमारास खरिपाच्या पेरण्याही बहुतेक आटोपलेल्या असतात. दरवर्षीं त्या आठवड्यांत एक दुपार काढून दोन्ही डिस्का जोडाव्या, दहा-वीस फायली उघडून पाहाव्या आणि दप्तर नीट आहे अशी खात्री करून घ्यावी. ज्या दिवशीं कागद दाखविण्याची वेळ येते, त्या दिवशीं या एका दुपारीचें मोल कळतें.